लॅपटॉपची स्क्रीन फुटली? आधी घरातला टीव्ही जोडून बघा

गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याचा लॅपटॉप बाजेवरून खाली पडला. शेळीचं करडू चार्जरच्या वायरीत अडकलं आणि लॅपटॉप सरळ फरशीवर. चालू होत होता, आवाज येत होता, पण स्क्रीन निम्मी काळी आणि उरलेल्या निम्म्यात रंगीत रेघा. तालुक्याला दुकानात नेला तर स्क्रीन बदलायचे साडेपाच हजार सांगितले, वर पार्ट यायला आठवडा. इकडं सीईटीचा फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर आणि उसाचं बिल अजून जमा नाही.

काम झालं ते घरातल्याच ३२ इंची एलईडी टीव्हीवर. खर्च एका वायरीचा, अडीचशे रुपये. मॉनिटर घ्यायच्या किंवा स्क्रीन बदलायच्या आधी हे करून बघा. आम्ही जिथं जिथं अडकलो तेही सांगतो, म्हणजे तुमचा हेलपाटा वाचेल.

टीव्हीच्या मागं किंवा बाजूला एचडीएमआय लिहिलेलं चपटं पोर्ट असतं, खालचे दोन कोपरे तिरके कापलेलं. एलईडी टीव्हीला बहुतेक ते असतंच. लॅपटॉपला त्याच आकाराचं पोर्ट असेल तर साधी एचडीएमआय वायर पुरते. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातं. शेजारचं यूएसबी पोर्ट मात्र पेनड्राइव्हसाठी असतं. त्यात लॅपटॉपची वायर घालून चित्र येत नाही.

वायर लावताना टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद करा आणि प्लगही काढा. आपल्याकडं कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या यामुळंच. तोच करंट वायरीतून टीव्हीत शिरला तर पोर्ट जळू शकतं. विजा कडाडत असतील तर डिशची वायरही काढून ठेवा.

मग रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून ज्या एचडीएमआयमध्ये वायर लावली तो नंबर निवडायचा. बऱ्याचदा चित्र आपोआप येतं. नाही आलं तर लॅपटॉपवर विंडोज चिन्हाचं बटण धरून पी दाबा. फुटक्या स्क्रीनवर काही दिसणार नाही, तरी खालचा बाण एकदा दाबून एंटर मारा आणि पाच-सहा सेकंद थांबा. नाही जमलं तर परत तेच करा.

आमच्याकडं चित्र आलं, पण खालची पट्टी, जिथं स्टार्टचं बटण आणि घड्याळ असतं, ती गायब. वरचा बंद करायचा क्रॉसही अर्धाच. पुतण्या म्हणाला, टीव्ही खराब आहे. टीव्ही खराब नव्हता. पूर्वी टीव्हीवर येणाऱ्या चित्राच्या कडा खराब असायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा बाहेर ढकलायचा. ती खोड अजून गेलेली नाही. सिनेमा बघताना कळत नाही, पण फॉर्मचं सबमिट बटण कडेला गेलं की माणूस रडकुंडीला येतो. यावर उपाय टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्येच आहे. चित्राच्या साइजमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, ओरिजिनल असं काहीतरी असतं. कंपनीगणिक नाव वेगळं, काम तेच. ते निवडलं की चारही कडा दिसतात.

दुसरी अडचण अक्षरांची. सातबारा उघडला तर उकार ऱ्हस्व की दीर्घ कळेना. याची कारणं दोन. एक म्हणजे टीव्हीची शार्पनेस. ती अक्षरांभोवती पांढरी कड काढते, म्हणून शून्याजवळ आणायची. शार्पनेस कमी केल्यावर अक्षर साफ दिसतं हे पटत नाही, पण करून बघा. पिक्चर मोडही व्हिव्हिड किंवा डायनॅमिकवरून स्टँडर्डवर घ्या. इनपुटला पीसी असं नाव द्यायची सोय असेल तर तेही द्या. बऱ्याच टीव्हींवर त्यानं रंगीत अक्षरं साफ होतात आणि माउस मागं मागं येतो ते कमी होतं.

दुसरं कारण ठिपक्यांचं. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर आडवे १३६६ ठिपके असतात, साडेअठरा इंची मॉनिटरवरही तेवढेच. टीव्ही २८ इंच रुंद, म्हणजे एका इंचात जेमतेम ४९ ठिपके. मॉनिटरवर तेच ८५ च्या आसपास पडतात. म्हणून जवळून टीव्हीचं अक्षर फुटकं वाटतं. तीन-चार फुटांवर बसा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १३६६ बाय ७६८ आहे का तेही बघा. तिथं १९२० बाय १०८० असेल तर एचडी रेडी टीव्ही ते दाबून बसवतो आणि अनुस्वार खातो. टीव्ही फुल एचडी असेल तर मात्र १९२० बाय १०८० च ठेवायचं. लांबून बारीक दिसत असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा.

ज्यांच्याकडं जुना सीपीयू पडून आहे त्यांची गोष्ट जरा वेगळी. त्याला निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट असतं. काही जुन्या एलसीडी टीव्हींना तेच पोर्ट मिळतं, पण त्यातून आवाज येत नाही, त्याला वेगळी वायर लागते. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागतो आणि तो एकाच दिशेनं चालतो. मी नेमका उलटा आणला, एचडीएमआयचं व्हीजीए करणारा. दोन्ही टोकं बसली, चित्र काही येईना. दुसऱ्या दिवशी बदलून आणला. दुकानात सांगताना 'सीपीयूला व्हीजीए, टीव्हीला एचडीएमआय' असंच सांगा.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जुन्या डबा टीव्हीच्या नादी लागू नका. कन्व्हर्टर लावून चित्र येतं, पण फॉर्म वाचता येत नाही.

भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही तासभर वर बघत वापरला तर मान धरते. आम्ही तो उतरवून लोखंडी पेटीवर ठेवला. फॉर्म मुदतीच्या आदल्या रात्री साडेअकराला भरला, कारण त्याआधी आईच्या मालिका चालू होत्या. आता सात ते साडेनऊ टीव्ही तिचा, बाकी वेळ पुतण्याचा. क्रिकेटची मॅच असली की माझं आणि त्याचं वाजतं, ते वेगळं.