जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठ आणि त्याचीं कागदपत्रें

वऱ्हाडांतील ढाणकी-उमरखेडाच्या टापूंत मठ म्हटला म्हणजे पैनगंगेपलीकडील माहूर डोळ्यांसमोर येतें. गादी, शिष्यशाखा व रुमालांत बांधलेल्या पोथ्या हें मठाचें स्वरूप आपल्या परिचयाचें आहे. केवळ स्त्रियांचा, आणि तोही सर्वस्वीं बंदिस्त, असा मठ पाहावयाचा असल्यास मात्र जुन्या गोव्यास जावें. इ. स. १९६१ पर्यंत ही भूमि परराज्यांत मोडत असे. त्यामुळें येथील साधनें आपल्या संशोधकांच्या दृष्टीआड राहिलीं, तीं आतां सुलभ झालीं आहेत.

आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यानें १६०६ त सांता मोनिका मठाची स्थापना केली. बांधकाम १६२७ त पुरें झालें. १६३६ त मठास आग लागली व लागलीच त्याची पुन्हा उभारणी झाली. इमारत तीन मजली, जांभ्या दगडाची असून चौसोपी वाड्याप्रमाणें मध्यें चौक आहे. भिंतींस बाहेरून दिलेले प्रचंड टेकू पाहिले म्हणजे हा मठ कीं गढी असा भ्रम पडतो. समोरच ऑगस्टिनियन साधूंच्या मठाचा भग्न मनोरा उभा आहे. हा जोगिणींचा मठही त्याच संप्रदायाचा.

बंदिवासाचें कारण संप्रदायाच्या नियमांत आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ त जोगिणींस मठाबाहेर पडण्याची मनाई केली. आपल्याकडे महानुभाव पंथांतील महदाइसेसारख्या स्त्रिया अटन करीत, भिक्षा मागत. येथें मात्र अंतिम व्रत घेतलेली स्त्री उंबरठा पुन्हा ओलांडीत नसे. आप्तांशीं बोलणें जाळीआडून चाले. जोगिणींतही काळ्या व पांढऱ्या बुरख्याचा भेद होता. काळा बुरखा अधिक हुंडा आणणाऱ्यांस मिळे, व तो बहुतांशीं पोर्तुगीज वंशाच्या स्त्रियांकडेच राहिला.

हा हुंडाच तंट्याचें मूळ ठरला. शहरांतील संपत्ति हुंड्यांच्या रूपानें मठांत जाते व परत येत नाहीं, अशी गोव्याच्या नगरसभेची तक्रार होती. उलट, मठाचा कारभारी फ्राय दियोगु द सांता आना यानें मठाची बाजू हिरिरीनें मांडली. १६३६ त मठांतील क्रूसमूर्तीनें डोळे उघडल्याचा चमत्कार प्रसिद्ध झाला, तो याच तंट्याच्या काळांत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें आगुश्तिन्यु द सांता मारिया याचा मठस्थापनेचा इतिहास १६९९ त लिस्बन येथें छापला गेला. तो अर्थातच भक्ताच्या लेखणीचा आहे. एकीकडे फिर्यादीचे अर्ज, दुसरीकडे स्तुतिपर चरित्रें, अशा दोन टोकांमधून सत्य काढावयाचें तर निःपक्ष साक्षीदार म्हणजे हिशेबाच्या वह्या. वही कोणाची स्तुति करीत नाहीं कीं निंदाही करीत नाहीं; आलेला हुंडा व झालेला खर्च तेवढा सांगते.

अशा वह्या वांचल्या कशा? १८३४ च्या पोर्तुगीज हुकुमानें साधूंचे मठ तत्काळ बंद झाले; जोगिणींच्या मठांत नवीन दीक्षेस बंदी झाली व शेवटची जोगीण निवर्तेपर्यंत मठ चालूं द्यावा असें ठरलें. सांता मोनिकेंतील शेवटची जोगीण १८८५ त वारली. म्हणजे पन्नास वर्षें हा मठ एकेक व्यक्तीनें रिता होत गेला. बंद झालेल्या मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, तीबरोबर दप्तरही सरकारच्या हातीं गेलें. तें आज पणजीच्या पुराभिलेखागारांत पाहावयास मिळतें. वास्तूंत १९६४ पासून धर्मभगिनींचें 'मातेर देई' हें शिक्षणकेंद्र आहे, आणि राशोल येथें १९९४ त स्थापिलेलें ख्रिस्ती कला संग्रहालय २००२ त तेथेंच आलें.

यांतून आपणांस घेण्याजोगा बोध आहे. जप्तीच्या निमित्तानें कां होईना, सांता मोनिकेच्या कागदांची गणती झाली व ते एका जागीं राहिले. आपल्याकडे एखाद्या लहान मठाचा शेवटचा महंत वारला म्हणजे पोथ्या निदान पूजेंत तरी राहतात. पण जमाखर्चाचे ताव, दानपत्रें व शिधापत्रकें रद्दींत जातात. संग्राहकांनीं पोथीइतकीच त्या कागदांची किंमत ओळखावी, आणि गादी चालू आहे तोंवरच मालकांच्या अनुमतीनें त्यांची यादी करून ठेवावी. पोथीच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र सांपडूं शकतात. हिशेबाची वही बहुधा एकच असते.