उतरती मात्रा

आमवाताचे निदान झाले तेव्हा सकाळी चहाच्या कपाचा कानही मला धरवत नव्हता. प्रेडनिसोलोन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी मी माझी वेणी माझ्या हाताने घातली. पाच महिन्यांत चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि ‘स्टेरॉइड फार वाईट’ हे घरीदारी ऐकून एका सोमवारी मी कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. शुक्रवारी मोरीत चक्कर येऊन पडले. उलट्या थांबेनात, रक्तदाब उतरलेला. शिरेतून पुन्हा स्टेरॉइडच दिले तेव्हा उठून बसले. नको म्हणून सोडलेल्या औषधावाचून मी आडवी का झाले, हे कळावे म्हणून मी वाचू लागले.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. पहाटे सर्वांत जास्त, मध्यरात्री नाममात्र. रक्तदाब, साखर, आजारपणातला तग, सारे त्यावर चालते. हुकूम मात्र मेंदूतून येतो: हायपोथॅलॅमस पिट्युइटरीला सांगतो, पिट्युइटरी ॲड्रिनलला. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल दिसले की हुकूम थांबतो. सुमारे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन शरीराची दिवसाची गरज भागवते, आणि हे बाहेरून आलेले आहे हे मेंदूला ओळखता येत नाही. त्याहून मोठी मात्रा महिनोन्‌महिने घेतली की हुकूम सुटत नाही आणि बिनकामाची ग्रंथी आक्रसते.

नवल असे की, हे आधीच ठाऊक होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडल यांनी 1937 मध्येच दाखवले होते की, ॲड्रिनलचा अर्क मोठ्या मात्रेत दिला तर उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी झिजतात. त्याच संस्थेत सप्टेंबर 1948 मध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला केंडल यांचे ‘संयुग ई’, म्हणजे कॉर्टिसोन, टोचले. आठवड्याभरात ती गावात खरेदीला गेली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. 1952 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका आमवाताच्या रुग्णाची हकिकत आली: शस्त्रक्रियेआधी कॉर्टिसोन थांबवले, नंतर रक्तदाब कोसळला तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या. पंधरा वर्षांपूर्वीचे उंदीर कुणाला आठवले नव्हते. मला त्यांचा राग येत नाही. वेणी घालता आल्यावर मलाही काही आठवले नव्हते.

मात्रा उतरवताना दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या असतात. वरच्या टप्प्यात वेग ठरतो रोगावर. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर स्टेरॉइड हा पूल. पाच मिलिग्रॅमच्या आसपास पोचल्यावर मात्र वेग ग्रंथीच्या हाती जातो. हिशेबही इथे फसवा होतो: वीसवरून साडेसतरावर येणे म्हणजे आठव्या हिश्शाची कपात, पाचवरून अडीचवर येणे म्हणजे निम्मी. कपात अडीचचीच, पण शरीराला ती सारखी नसते. म्हणून खाली येताना पायऱ्या लहान आणि मुक्काम लांब. मी पाचच्या गोळीचे सुरीने तुकडे करते. कधी एक मोठा होतो, तो मी सकाळच्या जास्त दुखण्याच्या दिवसासाठी ठेवत असे. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसले, आणि तसे करू नका म्हणाले.

सर्वांत अवघड असते दुखणे ओळखणे. सांधे सुजले, सकाळचा ताठरपणा तासभर टिकला, तर रोग परतला असावा. सूज नाही, पण अंग मोडून येते, मन उदास, तर कपात अंगी लागायची असेल. उभे राहताच घेरी, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, तर ग्रंथी अजून झोपलेली. तिन्ही एकमेकांत मिसळून येतात. म्हणून सकाळी आठच्या सुमारास, गोळी घेण्याआधी, रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. ग्रंथी जागी व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

माझा आकडा अजून कमी आहे. मी अडीचवर आहे. गेल्या महिन्यात तापाने फणफणले, तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे तीन दिवस मात्रा दुप्पट केली आणि चौथ्या दिवशी परत अडीचवर आले. स्टेरॉइड घेत असल्याची चिठ्ठी आता पर्समध्ये, आधार कार्डामागे असते.