शहर सोडावें कीं राहावें ?

गेल्या दिवाळींत पाडव्याच्या जेवणानंतर आमच्या घरीं एक विषय निघाला, तो पानसुपारी संपली तरी संपेना. गिरगांवांतील आमची जुनी चाळ पाडून तेथें नवी इमारत उठावयाची आहे. तोंवर सर्वांनीं बाहेर राहावयाचें. धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, मग परत तरी कशाला यावयाचें ? जागेचे पैसे करूं आणि पुण्यास जाऊं. जेथें माजी मंत्र्यालाहि रस्त्यांत गोळ्या घालतात, तेथें मुलें वाढवावयाचीं तरी कशीं ?" १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं वांद्र्यास झालेल्या बाबा सिद्दिकी यांच्या खुनाकडे त्याचा रोख होता. सूनबाईंचें मत तेंच. आमच्या सौभाग्यवतींचें नेमकें उलट. दोन्ही पक्षांनीं माझ्याकडे पाहिलें, आणि मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. अनेक एकत्र कुटुंबांत हाच वाद आज चालू असेल, म्हणून तो येथें मांडीत आहें.

शहर सोडण्याचा प्रश्न मुंबईस नवा नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा रोगी प्रथम ओळखला, आणि पुढील कांहीं महिन्यांत लक्षावधि लोक गांवोगांव पळाले. आमचे पणजोबाहि तेव्हां कोंकणांत गेले आणि सांथ ओसरतांच परत आले. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून रुंद रस्ते निघाले. परंतु सांथ आणि गुन्हेगारी यांत भेद आहे. सांथ उंदरांच्या पिसवांबरोबर येते. गुन्हेगारी आपल्याच कायद्यांच्या आणि मतांच्या आश्रयानें वाढते.

मुंबईचीच हकीकत पाहावी. १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी आली. पिणारांची तहान मात्र गेली नाहीं. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला. परंतु मुलीच्या लग्नांत सोनें नको असें म्हणणारीं घरें थोडींच. जी वस्तु कायदा नाकारतो आणि गिऱ्हाईक मागतें, ती पुरविणारा माणूस उत्पन्न होतोच. त्याच्यासाठीं प्रथम शिपायानें डोळे झांकावे लागतात, मग कोणा पुढाऱ्याचें छत्र लागतें. आणि पुढाऱ्यास निवडणुकींत पैसा व माणसें लागतात. हातभट्टी आणि चोरटें सोनें यांच्या काळांतच हाजी मस्तान, वरदराजन मुदलियार हीं नांवें मोठीं झालीं. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील अनेकांना गिरणीचें दार पुन्हा उघडलेंच नाहीं. रिकाम्या हातांचे तरुण टोळ्यांना स्वस्तांत मिळाले. गिरण्यांच्या जमिनींनीं लोभाचें मोल वाढविलें. त्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांनाच १६ जानेवारी १९९७ रोजीं पवईंत गोळ्या घालण्यांत आल्या. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचें साटेंलोटें तर सरकारनें नेमलेल्या वोहरा समितीनेंच १९९३ च्या अहवालांत नमूद केलें आहे.

१९९२ च्या डिसेंबरांत आणि १९९३ च्या जानेवारींत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें त्यांत ९०० माणसें मेलीं. १२ मार्चच्या बाँबस्फोटांत आणखी २५७ गेलीं. त्याच वर्षीं माझा धाकटा भाऊ बिऱ्हाड उचलून डोंबिवलीस गेला. "भिऊन पळाला," असें मीं चारचौघांत म्हटलें. पुढें कित्येक वर्षें गणपतीपलीकडे आमचें येणेंजाणें नव्हतें. एकदां मात्र तो स्पष्टच बोलला : "दादा, दंगल हें निमित्त. दोन खोल्यांत आपण अकरा माणसें होतों. माझी मुलगी दहावीचा अभ्यास जिन्यांत बसून करीत होती, तें तुला कधीं दिसलें नाहीं."

तो खरें बोलत होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, मालकांनीं दुरुस्तीकडे पाठ फिरविली, भाड्यानें देण्यासाठीं नव्या चाळी बांधणें परवडेनासें झालें. कुटुंबें मात्र वाढत राहिलीं. मुंबई बेटाची लोकसंख्या १९८१ सालीं सुमारें ३३ लक्ष होती; २०११ सालीं ती ३१ लक्षांच्या आंत आली, आणि त्याच काळांत उपनगरें फुगलीं. हीं सारीं माणसें कांहीं गुंडांना भिऊन गेलीं नाहींत. जागेची टंचाई, दूरची नोकरी, म्हातारपणीं न चढवणारे जिने, हींच बहुतेकांचीं कारणें होतीं.

आतां माझी बाजू. मी राहिलों, आणि त्याचा मला अभिमान वाटे. परंतु एक गोष्ट मीं घरांत कधीं सांगितली नव्हती. नव्वदच्या दशकांत आमच्या चाळीखालच्या एका दुकानदाराकडे खंडणीसाठीं माणसें येऊं लागलीं. एके सायंकाळीं त्यास मारहाण झाली. वर गॅलरींत आम्ही सातआठ पुरुष उभे होतों. पोलीस आले तेव्हां "आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं," असें प्रत्येकानें सांगितलें. त्यांत मीहि होतों. दोन महिन्यांत दुकानास कुलूप लागलें आणि तो गृहस्थ कुटुंबासह आपल्या गांवीं निघून गेला. त्यास शहर सोडावयास गुंडांनीं लावलें, तितकेंच आम्हीं लावलें.

सार्वजनिक जीवनांतहि आपण असेच वागतों. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं. गेटवेपाशीं हजारों लोक मेणबत्त्या घेऊन जमले. पांच महिन्यांनीं लोकसभेची निवडणूक आली, तेव्हां मुंबईच्या निम्म्या मतदारांनींहि मत दिलें नाहीं. मार्च २०२२ मध्यें महापालिकेची मुदत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ शहरास नगरसेवकच नव्हते. किती घरांत त्याची खंत वाटली? उलट, जेथें कायदा बदलला तेथें फरक पडला. १९९० सालीं सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला, आयातीचे निर्बंध सैल झाले आणि चोरट्या सोन्याचा नफा आटला. १९९९ च्या मकोका कायद्यानें टोळ्यांना वेसण बसली, आणि टोळीयुद्धाचे ते दिवस मागें पडले. कायदे विधिमंडळांत होतात, आणि विधिमंडळांत कोणी बसावें हें आपण ठरवितों किंवा घरीं बसून दुसऱ्यांना ठरवूं देतों.

हें सारें मनांत घोळवून मीं मुलाला सांगितलें, "जागा हवी असेल, नोकरी तेथें असेल, मुलांना अंगण हवें असेल, तर खुशाल जा. तुझ्या काकाला मीं जें बोललों, तें तुला बोलणार नाहीं. पण केवळ भीतीनें जाऊं नकोस. ती सामानाबरोबर येते. पुण्यांतहि २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्याच. कोठेंहि राहा, तेथील मतदारयादींत नांव घाल. आणि खालच्या दुकानदाराला कोणी मारूं लागलें, तर माझ्यासारखा गप्प बसूं नकोस." मग दुकानदाराची ती हकीकतहि सर्वांसमक्ष सांगितली.

मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "बाबा, त्या दुकानदाराचें पुढें काय झालें ?"

मला ठाऊक नव्हतें. मीं कधीं चौकशीच केली नव्हती.

आमच्या घराचा निर्णय अजून झालेला नाहीं. त्या गृहस्थाच्या गांवाचें नांव मात्र माझ्या लक्षांत आहे. डोंबिवलीच्या भावाशीं माझें बोलणें झालें आहे. येत्या गणपतीनंतर आम्ही दोघे तेथें जाऊन येणार आहों.