मेमरीचा वेग आणि प्रोसेसरचे घड्याळ

रॅमच्या पट्टीवर ‘३२००’ छापलेले असले की ती ३२०० मेगाहर्ट्झवर चालते, हा या विषयातला सर्वांत रूढ गैरसमज. डीडीआर४-३२०० मेमरीचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचे असते. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणून एका डेटा-तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट्स जातात. ३२०० हा या देवघेवीचा आकडा आहे. चिपमधल्या पेशी तर अवघ्या ४०० मेगाहर्ट्झने काम करतात आणि एका खेपेत आठ बिट्स बाहेर काढतात.

प्रोसेसर आणि मेमरी एकाच घड्याळावर चालतात, हा समजही जुना. १९९२ मधला इंटेलचा ४८६ डीएक्स२ आत ६६ आणि बाहेर ३३ मेगाहर्ट्झवर चालत असे. तेव्हापासून हे अंतर वाढतच गेले.

म्हणून दोन्ही वेगांचा संबंधच नाही, असे मात्र नव्हे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरीशी देवघेव सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच घेतला. तिथे प्रोसेसरच्या वेगाला पूर्णांकाने भागून मेमरीचा वेग मिळत असे. २००६ मध्ये या घराण्यात डीडीआर२-८०० आली. तिला ४०० मेगाहर्ट्झ हवेत. २.० गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ५ ने भागले की बरोबर ४०० मिळतात. २.२ गिगाहर्ट्झला ५ ने भागले तर ४४० येतात, म्हणजे मर्यादेबाहेर. म्हणून भाजक ६ घ्यावा लागतो आणि मेमरी सुमारे ३६७ वर, म्हणजे डीडीआर२-७३३ च्या वेगाने चालते. महागडा प्रोसेसर घेतला आणि मेमरी मंदावली! यात रॅमचा काहीच दोष नव्हता, सगळा प्रश्न भागाकाराचा होता. २.४ गिगाहर्ट्झला ६ ने भागल्यावर पुन्हा ४०० जुळतात.

आजच्या प्रोसेसरांत असा भागाकार नसतो. गाभ्यांचा वेग कामाप्रमाणे क्षणोक्षणी बदलतो, मेमरीचा तसा बदलत नाही. पण नाते कंट्रोलरशी राहतेच. २०१९ च्या रायझन ३००० मध्ये मेमरी आणि कंट्रोलर डीडीआर४-३६०० पर्यंत समान वेगाने चालवणे सोयीचे ठरते. ३७३३ ओलांडले की कंट्रोलर आपोआप मेमरीच्या निम्म्या वेगावर उतरतो आणि उत्तराला विलंब वाढतो.

विलंबाचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. वाचनाचा आदेश मिळाल्यापासून डेटा येईपर्यंत मेमरीच्या घड्याळाचे किती ठोके जातात, तो आकडा म्हणजे सीएल. सीएल२ ची जुनी डीडीआर-४००, सीएल१६ ची डीडीआर४-३२०० आणि सीएल३० ची डीडीआर५-६००० या तिन्हींचा हा विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ५० ठोके होऊन जातात, आणि कंट्रोलरपासूनचा येण्याजाण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. ही दरी भरून काढायलाच प्रोसेसरमध्ये कॅश ही छोटी, जलद मेमरी असते. रॅम घेताना मोठा आकडा, सीएल आणि आपल्या प्रोसेसरच्या कंट्रोलरला पेलणारा वेग, हे तिन्ही एकत्र पाहावेत.