चोवीस रूपांची परीक्षा

संकेतस्थळाचे दर्शनी पृष्ठ कसे सजवावे, हे कार्यकर्त्यांच्या आवडीवर सोडावे काय? अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये बराक ओबामांच्या प्रचारकांनी हा प्रश्न पृष्ठ पाहणाऱ्यांपुढेच ठेवला. चार बटने आणि सहा चित्रे व चित्रफिती यांच्या त्यांनी चोवीस जोड्या केल्या. सुमारे ३,१०,००० पाहुण्यांपैकी कोणास कोणती जोडी दिसावी, हे केवळ योगायोगावर सोपविले. चिठ्ठ्या टाकण्याचाच हा प्रकार. म्हणूनच पडलेला फरक पृष्ठाचा, पाहुण्यांच्या स्वभावाचा नव्हे, असे म्हणता येते. कार्यकर्त्यांचे मन एका चित्रफितीवर जडले होते. पण चित्रफिती साऱ्याच मागे पडल्या! ओबामांच्या कुटुंबाचे साधे छायाचित्र आणि ‘नाव नोंदवा’ऐवजी ‘अधिक जाणून घ्या’ हे बटन, एवढ्यानेच नोंदणी शेकडा ८.२६ वरून ११.६ वर गेली.