बोअरच्या पाण्यातली हिरवळ

लातूर-नांदेडकडे घरात माशांची काचेची टाकी आली की पहिला सल्ला ठरलेला: ‘बोअरचं पाणी जड आहे, जारचं घाला.’ जे माणसाला चांगलं ते माशालाही चांगलं, असा त्यामागचा हिशेब. तो इथे चुकतो. जारच्या पाण्यातून आरओ यंत्राने बहुतेक क्षार काढून टाकलेले असतात, आणि त्यातलं बायकार्बोनेटच पाण्याचा सामू स्थिर ठेवत असतं. ते गेलं की टाकीत तयार होणारी आम्लं सामू भराभर खाली ओढतात. अशा पाण्यात मॉली पंख आखडून एकाच जागी डुलत राहते. लोकांना वाटतं, खेळतेय.

आपल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतं, हे खरं. पण गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवतं. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग डबक्यांत सोडतो, तोच हा गप्पी. निऑन टेट्राचं कूळ मात्र ॲमेझॉन खोऱ्यातल्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातलं. दुकानात नजर आधी त्याच्यावरच जाते. पैदास केंद्रात वाढलेला निऑन थोडं कठीण पाणी सोसतो, तरी नव्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पाणी बदलत बसण्यापेक्षा मासा बदललेला बरा.

वनस्पतींचंही तसंच. कठीण पाण्यात काही उगवत नाही म्हणून प्लॅस्टिकची झाडं गळ्यात मारली जातात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतल्याच वनस्पती. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला, तर त्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात. म्हणजे ज्या क्षारांना आपण नावं ठेवतो, त्यांतच यांचं अन्न. भरपूर उजेडात वाढलेल्या व्हॅलिस्नेरियाच्या पट्टीसारख्या पानावरून बोट फिरवून पाहा, खरखरीत लागतं. पानाने कार्बन घेतल्यावर मागे उरलेला तो चुना. रोग समजून पानं कापू नयेत.

सगळंच वाळूत रोवायचं असतं, हाही एक समज. ॲन्युबियस आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं. ते दगडाला दोऱ्याने बांधावं. आणि दुकानात पाण्यात बुडवून ठेवलेला लकी बांबू ही पाणवनस्पती नाहीच. तो पुरता बुडाला की काही आठवड्यांत पिवळा पडून कुजतो.

‘झाडं आहेत, मग पंप कशाला?’ हा प्रश्न मे महिन्यात महागात पडतो. झाडं ऑक्सिजन देतात ती उजेडात. रात्री माशांबरोबर तीही तो वापरतात. त्यात पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम, ३२ अंशांना ७च्या आसपास. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात ते पहाटे. रात्री वीज गेली तर निदान झाकण काढून ठेवावं. टाकीवर पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकून एकदम गार करू नये. ‘आपल्याकडे उष्णच हवा, हीटर कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरच्या पहाटे पाण्यात थर्मामीटर धरून पाहावा. या माशांना २४ ते २८ अंश लागतात.

उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. वर पुन्हा बोअरचंच पाणी ओतत राहिलात तर क्षार चढत जातात. इथे जार कामाला येतो: जेवढं उडालं तेवढी भर जारच्या पाण्याने घालावी.

दर आठवड्याला सगळं पाणी ओतून टाकी घासणारे तर घरोघरी आहेत. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत राहतात. नळाखाली स्पंज खळाळून धुतला की क्लोरीनने तेच मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाचं पाणी टाकीत घालण्याआधी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावं, आणि आठवड्याला पाव भागच बदलावा. चाळीस लिटरच्या टाकीतून निघतात दहा लिटर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरला ते मोरीत ओतायचं जिवावर येईल, आणि ओतूही नये. त्यात नायट्रेट असतं, ते कुंड्यांना घालावं. फक्त मॉलीसाठी मीठ टाकलेलं असेल, तर ते पाणी कुंडीला नको.