मंगळाच्या ध्रुवांवरील हिम

दुर्बिणींतून मंगळ पाहणाऱ्यास त्या तांबूस बिंबाच्या टोकाशीं एक शुभ्र ठिपका दिसतो. ऋतुमानाप्रमाणें तो विस्तारतो आणि आकसतो. मंगळाचा अक्ष पृथ्वीच्या अक्षासारखाच कललेला असल्यामुळें तेथेंहि ऋतु होतात आणि हे ठिपके म्हणजे ध्रुवांवर सांचलेलें बर्फ होय, असा अर्थ विल्यम हर्षल यानें १७८४ सालीं लावला. पुढें अमेरिकेंतील पर्सिव्हल लॉवेल यानें याच्याहि पलीकडे मजल मारली. मंगळावर दिसणाऱ्या रेषा हे कालवे असून बुद्धिमान प्राण्यांनीं ध्रुवांवरील पाणी शेतीसाठीं नेण्याकरितां ते खणले आहेत, असें त्याचें प्रतिपादन होतें.

तर्क सुबक होता. परंतु पांढरें हिम दिसलें कीं तें पाण्याचेंच, हें त्यांत गृहीत धरलेलें होतें. १९६५ सालीं ‘मरीनर ४’ हें यान मंगळाजवळून गेलें, तेव्हां तेथील हवा पृथ्वीवरील हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनहि विरळ असल्याचें आढळलें. ही हवा बहुतेक सर्व कर्बाम्लवायूची, म्हणजे कार्बन डायॉक्साइडची आहे. पुढल्याच वर्षीं लेटन व मरे या शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें कीं, ध्रुवांवर वाढणारें व घटणारें हिम या वायूचेंच असलें पाहिजे. १९६९ मध्यें ‘मरीनर ७’ यानानें दक्षिण ध्रुवाचें उष्णमान मोजलें. तें या भाकिताशीं जुळलें.

मंगळाचें वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचें असल्यामुळें ध्रुवावरील रात्रहि येथल्या जवळजवळ दुप्पट लांब असते. त्या काळोखांत जमीन निवत निवत शून्याखालीं सुमारें १२५ अंशांपर्यंत येते, आणि मग हवाच गोठून जमिनीवर बसूं लागते. एकूण हवेचा सुमारें चौथा हिस्सा अशा रीतीनें ध्रुवावर अडकून पडतो आणि साऱ्या ग्रहावर हवेचा दाब उतरतो. १९७६ सालीं उतरलेल्या ‘व्हायकिंग’ यानांनीं ध्रुवांपासून दूर राहून हा चढउतार प्रत्यक्ष मोजला. वसंतांत ऊन पडलें कीं हें हिम वितळत नाहीं. देव्हाऱ्यांतील कापूर जसा ओल न ठेवतां उडून जातो, तसें तें थेट वायुरूप होतें. लॉवेलच्या कालव्यांना पाणी पुरविणारा झरा मुळांतच नव्हता.

तरी हर्षल अगदींच चुकला नव्हता. उत्तर ध्रुवावरील हें हंगामी आवरण उडून गेल्यावर खालीं जें उरतें, तें पाण्याचेंच बर्फ होय. त्याचा विस्तार सुमारें एक हजार किलोमीटर असून जाडी कांहीं ठिकाणीं दोन किलोमीटरांहून अधिक आहे. दक्षिणेकडेहि पाण्याचें बर्फ आहे. मात्र त्यावर गोठलेल्या वायूचा एक पातळ थर उन्हाळाभर टिकून राहतो.

२००८ च्या मे महिन्यांत ‘फीनिक्स’ हें यान उत्तरेकडील मैदानांत उतरलें. जमीन उकरून त्यानें खालचें बर्फ उघडें केलें. नोव्हेंबरांत ऊन मंदावलें आणि तें मुकें झालें. हिंवाळा सरल्यावर, २०१० सालीं, आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांत त्याच्या सूर्यपट्टांची सावली पूर्वीपेक्षां आखूड दिसली. गोठलेल्या हवेच्या भारानें ते पट्ट मोडले असावेत, असें शास्त्रज्ञांनीं अनुमान काढलें.